पंचावन्न मासे

आज गंजिफावर बोलायचं ठरलं आहे, पण आम्ही काही इतिहासकार नव्हे. मालवणात आमचा लहानसा छापखाना आहे. एक जुनं ट्रेडल, स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल आणि खिडकीजवळ लिनो कोरायची जागा, एवढाच पसारा. लग्नपत्रिका, जत्रेची हॅण्डबिलं, होमस्टेची कार्डं आणि हॉटेलांची मेनूकार्डं यांवर तो चालतो. त्यामुळे आज जे बोलू ते छापणाऱ्याच्या नजरेतून. श्रोत्यांत चित्रकार असतील त्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी एक कबुली देतो. मध्यंतरी आम्हाला या कामाचा मनापासून कंटाळा आला होता. दर हंगामात तेच मेनूकार्ड, तीच सुरमई थाळी, फक्त भाव बदललेला. रंग सरकला का, कड वाकडी आली का, गिऱ्हाईक परत पाठवेल का, एवढंच बघायचं. छापणं म्हणजे चूक टाळणं, अशी व्याख्या नकळत होऊन बसली होती. अशा मनःस्थितीत एकदा सावंतवाडीला गेलो होतो, हाताशी दोन तास होते, म्हणून राजवाड्यात शिरलो.

तिथे गंजिफाची पानं रंगवण्याचं काम चालतं. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, तेव्हा खेळ जुनाच. आपल्याकडे त्याचा दशावतारी अवतार रुजला. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात बारा पानं, एकूण १२०. पुढे यंत्रावर छापलेले ५२ पानांचे स्वस्त पत्ते आले आणि गंजिफा मागे पडला. म्हणजे आमच्याच धंद्याने त्याचा धंदा बुडवला म्हणा ना! १९७० च्या आसपास सावंतवाडीत हे काम जाणणारे फार थोडे उरले होते. त्यांतल्या वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ते समजून घेतलं आणि राजवाड्यातच कार्यशाळा उभी केली. सत्त्वशीलादेवी स्वतः कुंचला घेऊन बसत. हे सगळं आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असेल, म्हणून त्यावर जास्त थांबत नाही.

थांबायचं आहे ते मत्स्य गटावर. यातलं राजाचं पान सगळे बघतात, फोटोही त्याचाच काढतात. प्रधानाकडेही लक्ष जातं. आम्हाला मात्र धरून ठेवलं त्या पुढच्या दहा पानांनी. एक्क्यावर एक मासा, दुरीवर दोन, असं करत दश्शीवर दहा. बेरीज करून बघा, एका गटात पंचावन्न मासे होतात. दहा गट धरले तर ५५० चिन्हं. ही सगळी एका हाताने, एकापाठोपाठ एक काढायची. आमचं मेनूकार्ड काय, दोनशे प्रतींचं. मग तो रंगवणारा कंटाळत कसा नाही?

एक तर, पान गोल आहे. त्याला वरची बाजू नाही, खालची नाही. चार मासे बसवले ती जागा पाचव्याला चालत नाही, सगळी मांडणी नव्याने करावी लागते. आकृती तीच असली तरी प्रश्न प्रत्येक पानावर वेगळा. दुसरी गोष्ट, पान हातात धरून खेळायचं असतं. एका नजरेत सात की आठ हे कळलं पाहिजे. त्यातून या खेळाची एक गंमत अशी की, पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा. तिथे मोजणीत घोटाळा झाला की डाव गेलाच. म्हणजे सौंदर्य हे वाचता येण्याच्या आत राहूनच साधायचं. आणि तिसरी गोष्ट छापणाऱ्यालाच चटकन दिसते. पानाची पाठ सगळीकडे सारखी हवी, नाहीतर पान ओळखता येईल आणि लबाडी होईल. पोट मात्र प्रत्येकाचं थोडं वेगळं असलं तरी कुणाचं बिघडत नाही. सारखेपणा नेमका कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही तो सरसकट सगळीकडे लावत बसलो होतो.

आता थोडं कडू. जुन्या गंजिफात दरबारी कलम आणि बाजार कलम असे दोन दर्जे सांगतात. आजचं काम बहुतेक दरबारी वळणाचं आहे. बारीक रेघ, दागिन्यातला मोती न् मोती मोजून घ्यावा. त्यातली मेहनत नाकारायचा प्रश्नच नाही, आणि भेटवस्तू म्हणून हे संच विकले जातात म्हणून तर कला जगली. पण खेळणारा गेला, की अंकांची पानं पोरकी होतात. राजा चौकटीत बसून भिंतीवर जातो. सात माशांचं पान कोण टांगणार? आमच्या मते गंजिफाची खरी कसोटी त्या सात माशांतच आहे, आणि बाजार कलमाचा मासा तिथे दरबारी माशाला भारी पडतो. दोन फटकारे, एक डोळा, संपलं. घाईतला हात खवलं काढत बसत नाही, त्यामुळे मासा पोहतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १९८२ साली भारतीय गंजिफाचं प्रदर्शन भरलं, त्याचा ग्रंथ रुडॉल्फ फॉन लायडन यांनी लिहिला. मुंबईच्या नव्या चित्रकारांची पाठराखण करणारा हा समीक्षक पत्त्यांपाशी इतका का रमला, हे त्या साध्या पानांकडे बघितल्यावर समजतं.

परत आल्यावर आम्ही एक उद्योग केला. दश्शीचे दहा मासे एकाच लिनोवर कोरून एका दाबात छापले. सुबक आले, आणि मेले. मग एकच मासा कोरला, बोटाएवढा, बांगड्याच्या अंगाचा. शाई लावायची, हाताने दाबायचं, ठोकळा फिरवायचा, पुन्हा दाबायचं. कुठे शाई कमी, कुठे शेपटी पुसट. आमच्याकडे कामाला असलेला मुलगा म्हणाला, ''ह्यो बरो गावलो.'' मेनूकार्डाच्या कुठल्याही प्रतीबद्दल तो असं कधी बोलला नव्हता. दुपारचं जेवण त्या दिवशी चार वाजता झालं.

याने विजेचं बिल भागत नाही, हे सांगून टाकतो. ही पानं विकायचा विचारही नाही. ज्यांची ती परंपरा आहे त्यांच्या पोटावर आपण का यावं? मेनूकार्डं सकाळी, मासे संध्याकाळी, असं सध्या चाललं आहे. मात्र एक फरक पडला. परवा एका थाळीच्या कार्डावर सुरमईचं जुनं चित्र काढून टाकून ठोकळ्याचे तीन मासे टाकले. गिऱ्हाईकाने विचारलं, तिसरा वाकडा का? आम्ही म्हटलं, तो वळतोय. घेतलं त्याने.

आठपर्यंतची पानं झाली आहेत, म्हणजे छत्तीस मासे. नव्वीपाशी अडलो आहोत. एक मध्ये आणि आठ भोवती ठेवले की पान फुलासारखं दिसतं, छान दिसतं, पण झटकन बघणाऱ्याला ते आठच वाटतात. तीन-तीनच्या तिरप्या ओळी करून बघितल्या, तर कडेचे मासे वर्तुळाबाहेर जातात. ठोकळा लहान करायचा की मधल्या माशाला आडवा करायचा, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. ती चारही पानं इथे टेबलावर ठेवली आहेत. जवळ येऊन बघा, हातात धरून मोजा, आणि कुठलं पान चुकलं ते सांगा.