हेगवासी चित्रकार योझेफ इझ्रायल्स

ग्रोनिंगेनच्या यहुदी घराण्यात १८२४ साली जन्मलेले योझेफ इझ्रायल्स १८७१ मध्ये द हेगला आले आणि १९११ मध्ये देवाघरी जाईपर्यंत तेथलेच झाले. शहरालगतच्या स्खेवेनिंगेन किनाऱ्यावरील कोळ्यांचे जिणे त्यांनी रंगविले. ‘समुद्राची लेकरे’ (१८७२) या चित्रात थोरला भाऊ धाकट्याला पाठीवर घेऊन पाण्यात उभा आहे. पुढल्या संसाराचा भार आताच दिसतो. त्यांची काही कोळीचित्रे आम्हांस फार रडवी वाटतात. पण ७९ व्या वर्षी काढलेला ‘यहुदी विवाह’ पाहा. एकाच तालीतखाली वधूवर. वर अंगठी घालतो आहे. फटकारे सैल, पण एकही अश्रू नाही. आमच्या मते हेच त्यांचे खरे मोठेपण. दोन्ही चित्रे आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. कोकणकिनाऱ्याच्या बेने इस्राएलांना ती घरचीच वाटतील.