पुन्हा जुळलेले बँड आणि नव्या गाण्यांची कसोटी

फुटलेला रॉक बँड बऱ्याच वर्षांनी एकत्र येतो तेव्हा जुनी गाणी घेऊन दौरा काढणे त्याला फारसे जड जात नाही. हातांना वळण असते आणि श्रोत्यांना शब्द पाठ असतात. नवे गाणे रचणे मात्र अवघड. रॉकची रचना सहसा तालमीच्या खोलीत घडते: एकजण धून आणतो, दुसरा ठेका बदलतो, तिसरा वाद घालतो. दहा-वीस वर्षे वेगळे राहिल्यावर ही सवय मोडलेली असते. म्हणून पुनर्मीलनाचा कस नव्या गाण्यांवरच लागतो.

या कसोटीला सर्वांत चांगला उतरला तो डीप पर्पल. १९७३मध्ये गायक इयान गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर बाहेर पडले. तोच पाचजणांचा संच १९८४मध्ये पुन्हा जमला आणि ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ हा अल्बम निघाला. त्याच्या शीर्षकगीतात रिची ब्लॅकमोरसारख्या गिटारवादकाने एकट्याने रंगवलेली जागाच नाही. जॉन लॉर्डचा भारदस्त ऑर्गन आणि संथ, वजनदार ठेका यांवर गाणे उभे आहे. पूर्वीच्या वेगाची नक्कल न करता संचाने नवी चाल शोधली, हे या गाण्याचे मोठेपण. पण जुना कलहही बरोबर परतला होता. १९८७चा पुढचा अल्बम फिका पडला, १९८९मध्ये गिलन गेला. तो परत आला, तर १९९३मध्ये दौरा चालू असतानाच ब्लॅकमोरने बँड सोडला.

ईगल्सच्या वाटचालीत पैशाची बाजू ठळक दिसते. १९८०मध्ये थांबलेला हा अमेरिकी बँड १९९४मध्ये परतला तेव्हा तिकिटांनी शंभर डॉलरांचा टप्पा ओलांडला, तरी प्रेक्षागारे भरली. १९९९नंतर इंटरनेटवर गाण्यांची फुकट देवघेव सुरू झाली, ध्वनिमुद्रिकांचा खप घसरला आणि दौरा हेच कमाईचे मुख्य साधन बनले. जुन्या बँडांच्या पुनरागमनांची गर्दी वाढण्यामागे हे मोठे कारण आहे. ईगल्सच्या १९९४च्या अल्बममध्ये नवी गाणी चारच होती. पूर्ण नवा अल्बम, ‘लाँग रोड आउट ऑफ ईडन’, यायला २००७ उजाडले. त्यातले दहा मिनिटांहून लांब शीर्षकगीत इराक युद्धाच्या काळातील अमेरिकेकडे रोखून पाहते. साठीला आलेल्या माणसांनी आपल्या वयाचे आणि आपल्या काळाचे गाणे लिहिले, म्हणून ते टिकते. द पोलिस या त्रयीने २००७-०८मध्ये दीडशेहून अधिक मैफली केल्या; नवा अल्बम काही निघाला नाही.

लेड झेपेलिनचा मार्ग वेगळा होता. ड्रमर जॉन बॉनम १९८०मध्ये वारल्यावर बँड थांबला. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये त्यांनी एकच पूर्ण मैफल केली. ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन होता. वयाबरोबर गळ्याचा वरचा पल्ला आखडतो, त्यामुळे अनेक गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली घेतली गेली; त्यांचा जोर मात्र कमी झाला नाही. दौरा व्हावा अशी जगभर मागणी असताना गायक रॉबर्ट प्लँट त्यात उतरला नाही. त्याच वर्षी ॲलिसन क्रॉसबरोबर आलेला त्याचा ‘रेझिंग सँड’ हा अल्बम ऐकला की त्याचा निर्णय पटतो. त्याची नवी वाट दुसरीकडे सापडली होती.

ब्लॅक सबाथची नवी रचना याच्या उलट मागे वळली. गिटारवादक टोनी आयोमीला २०१२च्या आरंभी कर्करोगाचे निदान झाले. उपचार घेत घेत त्याने ‘१३’ पूर्ण केला. मूळचा ड्रमर बिल वॉर्ड कराराच्या वादामुळे त्यात नव्हता. २०१३मध्ये हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला; ‘पॅरानॉइड’नंतर त्रेचाळीस वर्षांनी. जिद्द वादातीत आहे. तरीही १९७०च्या पहिल्या अल्बमच्या सुरुवातीला ऐकू येणारे पाऊस, गडगडाट आणि घंटा या अल्बमच्या अखेरीस पुन्हा वाजतात, आणि निर्मितीत वॉर्डच्या सैल, झुलत्या ठेक्याची उणीव जाणवते.

मुंबईचे उदाहरण आकाराने लहान, पण मोलाचे आहे. १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’ने परक्या गाण्यांच्या जोरावर चालणाऱ्या इथल्या रॉकला स्वतःच्या रचनांकडे नेले. १९९३मध्ये त्याचे नाव ‘इंडस क्रीड’ झाले आणि १९९७मध्ये तो फुटला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया २०१०मध्ये परतले, ते दोन नवे वादक घेऊन. ज्या रंगभवनाने मुंबईचा रॉक वाढवला ते ध्वनिमर्यादेच्या नियमांमुळे तोवर अशा मैफलींना बंद झाले होते. २०१२चा ‘इव्हॉल्व्ह’ जुन्या सोप्या, गुणगुणण्याजोग्या चालींवर विसंबत नाही. त्यातील ठेके अधिक गुंतागुंतीचे आणि सूर गडद आहेत.

ओएसिसचे पुनर्मीलन अलीकडचे आणि सर्वांत गाजलेले. २००९मध्ये पॅरिसमधील भांडणानंतर दुरावलेले लियाम आणि नोएल गॅलॅघर ४ जुलै २०२५ रोजी कार्डिफच्या रंगमंचावर एकत्र उभे राहिले. भावांच्या समेटाचा आनंद खरा होता आणि लियामचा आवाजही चांगला लागला. गाणी मुख्यतः १९९०च्या दशकातली होती. त्या वर्षीच्या ४१ मैफलींत बँडने एकही नवे गाणे सादर केले नाही.