राजमान्य राजश्री ज्वारी

माणसाच्या नावामागे 'श्री' लागायला मिशी फुटली की पुरते. ज्वारी-बाजरीला मात्र कैक पिढ्या ताटकळावे लागले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि आपल्या सरकारने या गरीब मंडळींचे 'श्री अन्न' असे बारसे केले. आता लग्नाच्या पंगतीतही नाचणीची चतकोर भाकरी अशी ऐटीत वाढतात, की उजवीकडच्या जिलबीने मान खाली घालावी.

अन्नाबद्दल माझी तक्रार नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर, ज्वारी कोंड्यासकट पोटात जाते, मोडाच्या मटकीला आणि चोचवलेल्या काकडीला नावे ठेवणारा करंटाच. तक्रार आहे ती अन्नावरच्या प्रवचनाची. त्यात आजीचे जेवण असते, आजीचे मनगट नसते.

आता हिशेबच मांडू. गव्हात ग्लुटेन असते, म्हणून कणीक सकाळी मळून ठेवली तरी संध्याकाळी निमूट लाटून घेते. ज्वारीत ते नाही. पीठ ताजे हवे. जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापतानाच काठाला चिरते. पाणी कढत हवे. एका वेळी एकाच भाकरीचे पीठ मळायचे, थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, मग आरावर फुगवायची. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. गिरणीच्या खेपा वाढल्या. मटकी म्हणाल तर रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा आणि मोडांची वाट पाहा.

सकाळची लोकल गाठणाऱ्या बाईने डब्यात पोळी भरली, ती काही संस्कृतीवर रुसून नव्हे. पोळी दुपारपर्यंत मऊ राहते आणि भाकरी तोवर वातड होते, एवढे साधे गणित तिला येत होते.

आमचे एक स्नेही परवा चौथी भाकरी मोडता मोडता परंपरेवर अर्धा तास बोलले. "अहो, तव्यावरची ताटात पडली पाहिजे, तरच मजा!" वहिनी कुठे होत्या? ओट्यापाशी, पाचवी थापत. सगळ्यांनी गरम खायची तर कोणीतरी शेवटी, गार खायची, हा त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग. तो कोणत्याच व्याख्यानात सापडत नाही.

तेव्हा परीक्षकाचा निकाल असा: अन्न पहिल्या वर्गात उत्तीर्ण, प्रचारक नापास. फेरपरीक्षा परातीपाशी. ज्याला परंपरेचा उमाळा येईल त्याने बाह्या सरसावून बसावे. पहिली भाकरी हातातच मोडेल, दुसरी तव्याला चिकटेल. तिसरीपर्यंत व्याख्यान आपोआप आटोपते. आणि चौथी जमलीच, तर ती वहिनींच्या ताटात, गरम असताना वाढावी.