न सापडलेली गाठ : लपलेल्या स्तनकर्करोगाचे निष्कर्ष कसे वाचावेत

काखेत गाठ येते. बायोप्सीत ती स्तनाच्या कर्करोगाची निघते, पण स्तनात काहीच सापडत नाही. हा लपलेला स्तनकर्करोग. हॅल्स्टेड यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. स्तनाच्या सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १ टक्का किंवा त्याहून कमी आहे. त्यामुळे त्यावरचे बहुतेक शोधनिबंध जुन्या नोंदी चाळून लिहिलेले असतात. मी अभियांत्रिकी शिकवतो. मोजमापाच्या अंगाने तीन गोष्टी तपासा, एवढेच सुचवतो.

पहिली, व्याख्या. ‘दिसत नाही’ हे उपकरणावर ठरते. मॅमोग्राफीत न दिसलेली मूळ गाठ एमआरआयमध्ये अनेकदा सापडते. म्हणजे एमआरआयपूर्वीचे ‘लपलेले’ रुग्ण आणि आजचे ‘लपलेले’ रुग्ण हे दोन वेगळे गट आहेत. निबंधात ते एकत्र केले असतील, तर सरासरी नेमकी कोणाची, हे विचारा.

दुसरी, संख्या. समजा, २० पैकी १६ रुग्ण पाच वर्षांनी हयात आहेत. ८० टक्के हा आकडा भक्कम वाटतो. पण त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा साधारण ५६ ते ९४ इतकी रुंद येते. एवढ्या आधारावर दोन उपचारांत ‘फरक नाही’ म्हणणे घाईचे ठरते.

तिसरी, तुलना. स्तनावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार न झालेल्यांचे निकाल वाईट दिसतात. पण उपचार कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नसते. अशक्त, वयस्क रुग्णांना ते कमी मिळाले असू शकतात. तेव्हा दोष उपचार न होण्याचा की मूळ प्रकृतीचा, हे नोंदींवरून पूर्ण सुटत नाही.

मग या निबंधांतून हाती काय उरते? बरेच काही. बाधित लसिका ग्रंथींची संख्या आणि गाठीचे संप्रेरक व हर-२ गुणधर्म हे भवितव्याचे मुख्य निदर्शक, यावर बहुतेकांचे एकमत आहे. मूळ गाठ न सापडणे हे स्वतःहून वाईट लक्षण मानले जात नाही. एक ते तीन ग्रंथी बाधित असून आजार इतरत्र पसरलेला नसेल, तर शारीरिक वर्गीकरणात तो साधारणतः दुसऱ्या टप्प्यात गणला जातो आणि बरा करण्याच्या हेतूनेच उपचार होतात. ‘उगम अज्ञात’ हे शब्द ऐकून हबकलेल्या बाईला ही गोष्ट आधी कळायला हवी. म्हणून निबंध वाचताना शेवटच्या टक्केवारीआधी रुग्ण कसे निवडले, तो परिच्छेद वाचा.