बोललेल्या शब्दाचे जतन

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. त्यांचे छापील शब्द आपल्याजवळ आहेत. परंतु स्वरातील आर्जव आणि शब्दापूर्वीचा विराम कागदावर उतरत नाही. तो ध्वनिमुद्रणातच ऐकावा लागतो.

संमेलनातील भाषणे इंटरनेटवर विनामूल्य ठेवल्यास मांडव ओस पडेल, हा आक्षेप टिकणारा नाही. संमेलनास शासकीय अनुदान मिळते. लोकांच्या पैशातून घडलेला विचार लोकांपर्यंत पोहोचलाच पाहिजे.

मात्र यूट्यूबवर तासन्‌तासांचे सलग चित्रण टाकून देणे म्हणजे जतन नव्हे. त्यात नेमका परिसंवाद सापडत नाही. वक्त्याची संमती घेऊन, नाव, विषय व दिनांक यांसह प्रत्येक भाषण स्वतंत्र पॉडकास्ट म्हणून द्यावे. केवळ ध्वनीला डेटा कमी लागतो. शेतात राबणारा, स्वयंपाकघरात गुंतलेली गृहिणी, दृष्टिहीन वाचक, सर्वांनाच तो ऐकता येतो.

आपल्या शहरातील मराठवाडा साहित्य परिषदेने हे कार्य अंगावर घ्यावे. साहित्याची गोडी अनेकांना प्रथम कानांवाटेच लागते.