यंत्रांचे चाहते

इलेक्ट्रॉनिक संगीतात नाव मिळविलेल्या 'डाफ्ट पंक' या फ्रेंच जोडीचा 'रँडम ॲक्सेस मेमरीज' हा गीतसंग्रह मे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिच्या चाहत्यांत उघड दुफळी माजली. यंत्रमानवाचे शिरस्त्राण घालून वावरणाऱ्या या द्वयाने त्या खेपेस नाइल रॉजर्सची गिटार आणि ओमर हकीमसारख्यांचे ड्रम जवळ केले होते; जुन्या भक्तांना हा धर्मत्यागच वाटला. गंमत अशी, की २००५ च्या 'ह्यूमन आफ्टर ऑल'वर, तो फार यांत्रिक व एकसुरी आहे, असा ठपका चाहत्यांनीच ठेवला होता! तरीही 'गेट लकी'च्या ठेक्यावर डोलून मोकळे झालेल्यांपेक्षा हे रुसलेले श्रोतेच आम्हांस अधिक जाणते वाटतात. काय गेले, हे त्यांनी अचूक हेरले होते. मात्र त्या जागी काय आले, तिकडे त्यांचा कान गेला नाही. 'द गेम ऑफ लव्ह' ऐकावे. साथीला हाडामांसाचे वादक आहेत आणि विरहाने व्याकूळ झालेला कंठ तेवढा यंत्रातून गाळून आलेला आहे. माणसांच्या मेळ्यात यंत्र एकाकी पडावे, हा परिणाम १९९७ च्या 'होमवर्क'मधील यंत्रांच्या गलबल्यात साधणारा नव्हता. २०२१ मध्ये जोडी विसर्जित झाली. २०२३ मध्ये याच संग्रहाची ड्रम वगळलेली आवृत्ती निघाली. आम्हांस ती पोरकी वाटली.