उपकरप्राप्त : एका शब्दाचा हिशेब

मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या कागदपत्रांत ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द पदोपदी भेटतो. शब्दार्थ घ्यायचा तर इमारतीला उपकर मिळतो. व्यवहारात तो तिच्याकडूनच वसूल होतो. महापालिका मालमत्ता कराबरोबर तो गोळा करते. शब्द आणि व्यवहार यांतली ही तफावत मंडळाच्या साऱ्या अर्थकारणात दिसते.

१९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधली. भाडेकरूला आसरा मिळाला. मालकाने डागडुजी सोडली. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा बेडेकर समिती नेमली गेली, १९६९चा कायदा आला आणि १९७१मध्ये मंडळ उभे राहिले. शहर भागातील १९,६४२ इमारती त्याच्या पदरी पडल्या. त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या. पुढे १९७७मध्ये स्थापन झालेल्या म्हाडात हे मंडळ विलीन झाले.

खरी गोम उपकराच्या आकारणीत आहे. तो बेतला गेला करयोग्य मूल्यावर, आणि ते मूल्य भाड्यावर. ज्या गोठलेल्या भाड्याने रोग जडला, त्याच भाड्यावर औषधाचा खर्च आखला गेला. सिमेंट, लोखंड, मजुरी महागत गेली आणि मंडळाची नजर शासनाच्या अनुदानाकडे लागली. दुरुस्तीला चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा आहे. ती ओलांडली की जादा रक्कम रहिवाशांनी भरायची, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. सर्वांत मोडकळीस आलेल्या इमारतीपाशीच तिजोरी हात आखडते.

मग उरते संक्रमण शिबिर. तात्पुरत्या म्हटल्या गेलेल्या या खोल्यांत कुटुंबांनी दशके काढली. अरुंद भूखंड वा आरक्षणामुळे ज्यांची इमारत पुन्हा उभी राहू शकत नाही, त्यांची नावे बृहत्सूचीत जातात. या सूचीसाठी घरे येतात ती खासगी पुनर्विकासातून मंडळाला मिळणाऱ्या अतिरिक्त क्षेत्रातून. विकासकाने ते थकवले की रांग जागच्या जागी थांबते आणि रिकाम्या खोल्यांत घुसखोर शिरतात.

या साऱ्याचे खापर दिरंगाई आणि भ्रष्टाचारावर फोडले जाते. दोन्ही खरे आहेत. पण उद्या निष्कलंक अधिकारी आला तरी त्याच्या टेबलावर हेच गणित असेल. ते न बदलता अधिकारी बदलत राहणे म्हणजे टेकूला टेकू लावणे. चाळीवर मायेने लिहिणाऱ्या आपल्या साहित्याने तिचा जिना, गॅलरी, नळ टिपले; तिच्या उपकराची पावती मात्र वाचायची राहिली आहे.